शून्यांची बेरीज दोन

पाणीखात्यात तिला सगळे चौकट म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या मशीनला ठाऊक होतं, बाकी कुणाला त्याची कधी गरज पडली नव्हती. संगणकावरच्या तक्त्यात एकही घर रेघेवाचून उघडं ठेवायचं नाही, प्रत्येक आकड्याला चार भिंती घालून द्यायच्या, म्हणून ती चौकट. हे नाव पाडलं अण्णांनी, म्हणजे खात्यातल्या मोठ्या कारकुनांनी. ज्याला स्वतःला सरळ रेघ मारता येत नाही तो दुसऱ्याच्या रेघेला नावं ठेवतो, ही जुनीच रीत आहे.

चौकट कंत्राटी होती. त्याआधी एका झेरॉक्सच्या दुकानात उभ्यानं लोकांचे अर्ज टाइप करायची. गिऱ्हाईक नसलं की तिथल्याच झिजलेल्या की-बोर्डवर तक्ते करायला शिकली. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे हिणवायलाही कुणी नव्हतं. पाणीखात्यात आली तेव्हा सगळ्या लायनींच्या मीटरचे आकडे चिठ्ठ्याचपाट्यांवर यायचे आणि खिळ्याला टोचून ठेवले जायचे. तिनं त्या चिठ्ठ्यांवरचे आकडे संगणकात उतरवले, दर लायनीला एक आडवी ओळ दिली, दर आठवड्याला एक उभा रकाना, टोकाला तिमाहीची बेरीज. कोणत्या वस्तीला किती लिटर पाणी गेलं ते पहिल्यांदा एका जागी दिसायला लागलं. साहेब म्हणाले, "बरं आहे." सरकारी माणसाच्या तोंडून एवढं निघालं तरी दसरा-दिवाळी एकदम आल्यासारखंच.

घरी सासूबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरी यायचा तेव्हा पाहुण्यासारखा. आणि दर वर्षी कंत्राट पुढे चालू होईल की नाही, ही धाकधूक. तिच्या पोटात एक गाठ कायमची मुक्कामाला होती. कुणी हाक मारली की आधी ती गाठ आवळायची, मग चौकट "आले" म्हणायची.

त्या गाठीनंच पुढचं रामायण घडवलं.

झालं असं की पैसा देणाऱ्या समितीचे लोक कामकाज बघायला आले. बैठकीच्या खोलीत भिंतीवर तक्ता लावला, आणि निम्म्याहून जास्त घरांत आकड्यांच्या जागी नुसत्या जाळीच्या खुणा. रकाना अरुंद आणि आकडा लांब असला की संगणक हात वर करतो आणि जाळी दाखवतो. चौकटीला हे माहीत होतं. पण साहेबांना सगळे आठवडे एकाच पानात हवे होते, म्हणून रकाने तिनं दाबून दाबून बारीक केले होते.

"हे काय आहे?" साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. "मी पाणी विचारलं, तू कुंपण दाखवतेस?"

पाहुणे हसले. अण्णाही हसले, आणि पाहुण्यांपेक्षा जरा जास्त वेळ हसले. चौकटीनं रकाने रुंद केले, तर आठ-आठ अंकी आकडे भिंतभर पसरले. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एवढे अंक कोण वाचणार? मला दोन अंकांत सांग. दशलक्षात सांग."

त्याच संध्याकाळी तिनं युक्ती शोधून काढली. घराच्या फॉरमॅटमध्ये आकड्याच्या खुणेपुढे दोन स्वल्पविराम टाकले, की शेवटचे सहा अंक नजरेआड होतात. आत आकडा जसाच्या तसा, अख्खा. वरून दिसतं फक्त डोकं. दोन कोटी त्रेचाळीस लाख लिटर असतील तर दिसणार चोवीस. वर तिनं ठळक अक्षरांत लिहिलं, 'सर्व आकडे दशलक्ष लिटरमध्ये', आणि त्याला चौकट घातली.

साहेब खूश झाले. "हे कसं, लांबून वाचता येतं." पुढच्या बैठकीत ते स्वतःच आकडे मोठ्यानं वाचत सुटले, अठरा, सात, बेचाळीस, जणू मैदानावरचा धावफलक. कंत्राटाचं पत्र त्यांच्या टेबलावर येऊन पडलंय असं शिपायानं तिला सांगितलं. पोटातली गाठ जरा सैल झाली. माणसाला सुख सोसत नाही म्हणतात. खरं तर ते सोसायला मिळतच नाही, तोवर पुढचं काहीतरी येतं.

तिमाही संपली आणि झाडणी आली. झाडणी ही त्या खात्याची स्वतःची रीत. तिमाहीच्या छापील तक्त्यात ज्या लायनीपुढे शून्य, ती मेलेली लाइन. तिथे कुणी राहत नाही, नाहीतर मीटर बंद पाडून पाणी चोरलं जातंय, तिसरी शक्यता खात्याला मान्य नव्हती. मेलेल्या लायनींची यादी अण्णा करायचे, साहेब सही करायचे, आणि फिटरमामा आपली माणसं घेऊन जाऊन लायनीच्या तोंडाला लोखंडी तबकडी बोल्टांनी आवळून यायचे. एकदा तबकडी बसली की ती काढायला नवा अर्ज, नवी पाहणी, आणि नंबर लागेल तेव्हा लागेल. त्या मधल्या काळात माणसं काय पितात, असा रकाना तक्त्यात नव्हता.

त्या दिवशी दुपारी फिटरमामा पाना खांद्यावर टाकून तिच्या टेबलाशी थांबले.

"काय चौकट, घर बदललंस म्हणे?"

"नाही हो मामा. चढावरच्या वस्तीतच आहे. का?"

"मग उद्या चहा टाकून ठेव. तुमच्याकडेच येतोय."

तिला वाटलं मामा गंमत करतायत. "या की. काय काम काढलंत?"

"तबकडी बसवायची." मामांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "तुमची लाइन मेलीय ना. मी म्हटलं, पोरीनं आधी सांगितलं नाही, गेली असेल दुसरीकडे राहायला. गोदामामागची वस्ती सकाळीच झाली. आता साबणाचा कारखाना आणि मग तुम्ही."

कागदावर तीन लायनी. तिसऱ्या ओळीत चढावरची वस्ती, पुढे शून्य. खाली साहेबांची सही, एका झटक्यात मारलेली, माशी उडवल्यासारखी.

मामा गेले. चौकटीनं तक्ता उघडला. चढावरच्या वस्तीची ओळ शोधली. शून्य, शून्य, शून्य, तिमाहीचे सगळे आठवडे शून्य. सकाळी त्याच लायनीच्या पाण्यानं ती अंघोळ करून आली होती. तिनं एका शून्यावर क्लिक केलं. वरच्या पट्टीत आकडा उमटला, एक लाख बेचाळीस हजार आणि वर काही. पुढच्या शून्यावर क्लिक केलं, एक लाख सदतीस हजार.

तिला लगेच कळलं, आणि कळलं म्हणून काही बरं वाटलं नाही. वस्ती लहान. आठवड्याला दीड लाख लिटरही लागत नाही. दशलक्षात मोजलं तर अर्धासुद्धा भरत नाही, म्हणून दोन स्वल्पविरामांनी त्याचं सरळ शून्य करून टाकलं. मोठ्यांचे शेवटचे सहा अंक लपले, धाकट्यांचं सगळंच लपलं.

पण टोकाला बेरजेच्या घरात दोन दिसत होतं. आतली बेरीज अठरा लाखांवर, म्हणजे दोन. ते बरोबरच होतं. मग यादीत शून्य कसं आलं?

ती अण्णांच्या टेबलाशी गेली. अण्णा डबा धुऊन आले होते, रुमालानं बोटं पुसत होते.

"अण्णा, चढावरच्या वस्तीची बेरीज दोन होती ना छापील कागदावर?"

"होती. तुझी चूक होती ती. मी दुरुस्त केली." त्यांनी फाइल उघडून दाखवली. दोनवर लाल काट, शेजारी शून्य, खाली सहीचं टिंब. "अख्खी ओळ शून्यांची आणि बेरीज दोन. शून्य अधिक शून्य दोन होतात का गं? कोणत्या शाळेत गेली होतीस? गोदामामागच्यांचंही तसंच. शून्यं सगळी आणि बेरीज एक. मी गप्प राहिलो, तुझी लाज झाकली. बोलत नाही मी असल्या गोष्टी."

"अण्णा, ती शून्यं नव्हती. तशी दिसत होती फक्त."

"दिसतं तेच असतं. न दिसणाऱ्याचं बघायला देवळं आहेत."

तिनं सगळं समजावलं, स्वल्पविराम, लपलेले अंक, आतला आकडा. अण्णांना समजलं. समजलं हे त्यांच्या डोळ्यांत क्षणभर दिसलं, आणि मग त्यांनी दार लोटावं तसं ते मिटून घेतलं. लाल पेन त्यांचं होतं.

"सही झालीय," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि तू राहतेस कुठे? चढावर. काल शून्य होतं, आज तू म्हणतेस दीड लाख. लोक काय म्हणतील? स्वतःच्या नळासाठी आकडा फिरवला. आधीच कंत्राटी. बघ बाई."

ती जागेवर येऊन बसली. अण्णा खोटारडे असतील, पण हे खोटं बोलले नव्हते. तिनं फॉरमॅट बदलून पाहिला, दशांशाचं एक घर वाढवलं. शून्याचं शून्य दशांश एक झालं. आता तर ते आणखीच संशयास्पद दिसायला लागलं. शून्य निदान ठाम असतं. हे कुणीतरी घाईघाईनं चिकटवल्यासारखं वाटत होतं. साहेब त्या दिवशी बाहेर होते. फोन लावला तर उचलला नाही.

घरी गेली तेव्हा सासूबाई मोरीतलं पिंप भरत होत्या. पाणी बारीक होतं, नेहमीसारखं.

"इतका उशीर? आणि तोंड का असं, कुणी मारलं का?"

"काही नाही, आई. सगळी भांडी भरून ठेवूया का आज?"

"कशाला? पाणी जाणार आहे?"

"तसं नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं लोकांची धुणीभांडी केलेली बाई. तिला माणसाचं तोंड वाचायला चष्मा लागत नव्हता. "तुझ्या हापिसातलं काही असेल तर मला सांग. मी नळावर चार जणींना सांगते. उद्या सकाळी रस्त्यात आडव्या पडतो. बघू कोण येतो ते."

आडव्या पडल्या असत्या तर मामांचं काम आणखीच सोपं. कागदावर शून्य आणि नळाला पाणी, म्हणजे चोरी आपल्या पायांनी चालत आली. मीटर दाखवावं तर म्हणतील आजच फिरवलंय. वाहतं पाणीच तिच्याविरुद्ध साक्ष देणार होतं. "नको, आई," ती म्हणाली. "माझी चूक आहे. मीच निस्तरते."

"तुझी कशी?"

दोन स्वल्पविरामांनी तुमचं पाणी तोडलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? तिनं बादल्या भरल्या, पातेली भरली, मुलीच्या शाळेच्या बाटल्यासुद्धा भरल्या. मुलीनं विचारलं, "आई, आपण कुठे जाणार आहोत?" चौकटीनं तिच्या वेणीची गाठ उगाचच सोडून पुन्हा घातली.

सकाळी ती साहेबांच्या आधी कचेरीत पोहोचली. खाली आवारात मामांची माणसं हातगाडीवर बोल्ट आणि तबकड्या चढवत होती. साहेब आले, त्यांच्यामागे अण्णा. चौकट दारात उभी राहिली.

"साहेब, तक्ता बघायचाय. भिंतीवर. पाच मिनिटं."

"बैठक नाही आज."

"बैठक नाही म्हणूनच."

साहेबांना हे उत्तर आवडलं नाही, पण ते आले. तिनं भिंतीवर तक्ता लावला आणि सगळी घरं निवडून तो फॉरमॅट काढून टाकला. सगळीकडे पुन्हा जाळी उमटली.

"पुन्हा कुंपण?" साहेबांचा आवाज चढला.

तिनं रकाने रुंद केले. लांब आकडे भिंतभर सांडले. ती भिंतीपाशी गेली आणि चढावरच्या वस्तीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे आकडे कधीच बदलले नाहीत, साहेब. मीटरवाल्यांच्या चिठ्ठ्या आहेत खिळ्याला, ताडून बघा. तुम्हाला दोन अंकांत हवे होते म्हणून मी शेवटचे सहा लपवले. मोठ्या लायनींना फरक पडला नाही. लहान होत्या त्या शून्य दिसल्या. मला हे बघायला हवं होतं. मी नाही बघितलं."

अण्णा पेनाचं टोपण उघडमीट करत होते.

"मग बेरीज?" साहेबांनी कागद पुढे केला. "ही लाल काट कुणाची?"

टोपणाचा आवाज थांबला. चौकटीनं अण्णांकडे बघितलं. एका वाक्यात हिशोब चुकता झाला असता. पण मग सगळी गोष्ट त्या लाल काटेची झाली असती, आणि खाली हातगाडी भरून निघाली असती.

"शून्यं बघून कुणीही हीच काट मारली असती," ती म्हणाली. "शून्यं माझी होती."

साहेब खुर्चीत बसले. "साबणाचा कारखाना?"

"तो खराच शून्य आहे. आत काहीच नाही."

"आणि ही?" त्यांनी गोदामामागच्या वस्तीवर बोट ठेवलं.

चौकटीनं तिकडे बघितलं. आठवड्याला नव्वद हजारांच्या आसपास. काल मामा म्हणाले होते, ती सकाळीच झाली. अण्णाही म्हणाले होते, त्यांची बेरीज एक. दोन्ही तिनं ऐकलं होतं. ऐकून पुढे गेली होती, कारण तिच्या डोक्यात तिचीच वस्ती होती. तिनं रात्रीसाठी पातेली भरली तेव्हा गोदामामागे कुणाकडे भरायला काही नव्हतं, आणि त्यांना कुणी आधी सांगितलंही नव्हतं.

"तिथेही माणसं आहेत," ती म्हणाली. "तिथे काल तबकडी बसली."

साहेबांनी कागद घडी करून ठेवला. मग आवाज मऊ केला. साहेबांचा आवाज मऊ झाला की खात्यातली जुनी माणसं खिसे सांभाळतात.

"असं करू. तुझ्या वस्तीचं मी थांबवतो. अजून काही झालेलं नाही, टंकनदोष म्हणून कागद बदलू. गोदामामागचं झालं ते झालं. बंद केल्याचा अहवाल समितीला गेलाय, तो परत कसा मागवायचा? त्यांना अर्ज करू दे. मी अर्ज लवकर काढीन." ते थांबले. "तुझं पत्रही माझ्याकडेच आहे, माहीत आहे ना?"

माहीत होतं. पोटातली गाठ इतकी आवळली की तिला वाटलं, आता हिच्यातून शब्द बाहेर पडणारच नाही. हो म्हणायला काही लागत नव्हतं. नुसती मान हलवली असती तर घरचं पिंप भरलेलं राहिलं असतं, पत्रावर सही झाली असती, आणि गोदामामागच्या कुणाला कधीच कळलं नसतं की चौकट नावाची कुणी बाई जगात आहे.

"साहेब," ती म्हणाली, आणि आवाज फाटला, तरी तिनं तो तसाच पुढे रेटला. "दोन्ही लायनी एकाच चुकीनं मेल्या. एक जिवंत केली आणि दुसरी सोडली, तर लोक म्हणतील हिनं स्वतःच्या नळापुरता आकडा फिरवला. मी तर कंत्राटी आहे, मला हाकलाल. पण कागदावर सही तुमची असेल. समितीनं विचारलं, की एकच का, तर मी काय सांगू?"

हे धमकीसारखं होतं का? होतं. तिला ते तोंडातून निघाल्यावर कळलं. पण गरिबाच्या खऱ्या बोलण्याला धमकीचा वास येतो, हा बोलणाऱ्याचा दोष नव्हे. ऐकणाऱ्याचं नाक तसं असतं.

साहेब उठले. खिडकीतून खाली ओरडले, "मामा, थांबा." मग अण्णांना म्हणाले, "दोन्हींचा आदेश काढा. चढावरची रद्द, गोदामामागची पुन्हा सुरू. समितीला मी कळवतो." अण्णा जवळजवळ पळतच गेले. दारात जाताना त्यांनी चौकटीकडे बघितलं नाही.

"माझं पत्र?" तिनं विचारलं. विचारू नये हे कळत होतं.

"सोमवारी बघू," साहेब म्हणाले, आणि चष्मा कपाळावर सरकवून भिंतीवरचे लांब आकडे वाचायचा प्रयत्न करत राहिले.

खाली मामांनी आदेश वाचला. तबकड्या हातगाडीवरून उतरवल्या. "आयला, बसवायची, काढायची. माझं काय, पगार तोच. तू कुठे निघालीस?"

"तुमच्याबरोबर."

"तुझी वस्ती वाचली ना? घरी जा, झोप काढ. तोंड बघ आरशात."

"येते मी."

गोदामामागची वस्ती म्हणजे पत्र्याच्या भिंतींची एक लांब गल्ली. गल्लीच्या तोंडाशी रिकामी भांडी रांगेत लावून बायका बसल्या होत्या. हातगाडी दिसताच त्या उठल्या आणि मागे सरल्या, काल हीच गाडी आली होती म्हणून. एक म्हातारा काठी टेकत पुढे आला.

"आता काय तोडायला आलात?"

"तोडायला नाही, बाबा. जोडायला," मामा म्हणाले, आणि खड्ड्यात उतरले.

"काल का तोडलं मग?"

मामांनी पान्यानं बोल्ट धरला आणि मान वर करून चौकटीकडे बघितलं. वाटेत तिनं पुष्कळ शब्द जुळवले होते, स्वल्पविराम, दशलक्ष, फॉरमॅट. त्यातला एकही इथे कामाचा नव्हता.

"माझ्या हातून तुमचं पाणी शून्य लिहिलं गेलं," ती म्हणाली. "माझी चूक."

मागून एक बाई म्हणाली, "माझ्या सुनेला बाळ झालंय परवा. काल पोराला शेजारच्या दुकानातल्या बाटलीच्या पाण्यानं पुसून काढलं." ती रागानं बोलली नाही, नुसतं सांगितलं. चौकटीला राग परवडला असता.

शेवटचा बोल्ट गंजानं अडला होता. मामांनी दोन वेळा शिवी घातली, पाना आपटला, आणि तबकडी निघाली. नळानं आधी हवा ओकली, मग तांबूस पाणी, मग हळूहळू साफ होत गेलं. बायकांची रांग एकदम हलली. चौकट नळाच्या अगदी पुढ्यात उभी होती, आणि पाण्याकडे बघताना तिला हलायचं सुचलं नाही. सुनेची गोष्ट सांगणाऱ्या बाईनं कोपरानं तिला ढकललं.

"बाजूला हो गं. आधी बादली लावू दे."